दाराला अडकवलेली पाटी

पत्र : "मुलगी आणि जावई जर्मनीत श्टुटगार्टला राहतात. सहा बिऱ्हाडांची इमारत, हे तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं सहा आठवडे राहून आलो. तेव्हाचे दोन प्रसंग अजून मनातून जात नाहीत. एका रविवारी सकाळी मी मिक्सरवर इडलीचं वाटलं, तर दुपारी दारात चिठ्ठी : 'रविवारी कृपया यंत्रं चालवू नका.' नंतर एकदा दाराच्या मुठीला कुणीतरी पाटी अडकवून गेलं. मला जर्मन येत नाही, पण पाटीवर झाडूचं चित्र होतं. हे लोक आम्हाला घाणेरडे समजतात असं वाटून इतकं लागलं, की मी ती काढून कपाटात टाकली आणि मुलीला सांगितलंही नाही. आता तिच्या बाळंतपणासाठी अडीच महिने जायचं आहे. फोनवर ती सारखी 'आई, इथे हे नको, ते नको' म्हणत असते. घरात चोरासारखं वावरावं लागेल किंवा आमच्यामुळे तिला बोल लागेल अशी भीती वाटते. आम्ही वागायचं तरी कसं?" – होऊ घातलेली आजी

नमस्कार,

आधी त्या पाटीचं. तुम्ही दोन वर्षं ज्याला अपमान समजत आलात, तो अपमान नव्हताच. श्टुटगार्ट ज्या श्वाबेन भागात आहे, तिथे 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. शब्दाचा सरळ अर्थ झाडण्याचा आठवडा. इमारतीतली बिऱ्हाडं आळीपाळीने एकेक आठवडा जिना आणि सामाईक जागा साफ करतात. ज्यांची पाळी, त्यांच्या दाराला पाटी. आठवडा संपला की तीच पाटी पुढच्या दाराला जाते. आपापल्या दारासमोरची जागा नागरिकांनीच साफ ठेवायची, ही तिथली शेकडो वर्षांची चाल आहे. श्टुटगार्ट शहराने आपला केरवोखेचा नियम १९८८ साली मागे घेतला, पण भाडेकरार आणि इमारतीची नियमावली यांच्यामार्फत पद्धत आजही चालू आहे. तेव्हा तुम्हाला कुणी घाणेरडं म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात तुमच्या मुलीच्या घराची पाळी होती, इतकंच. पाटी कपाटात गेल्यामुळे मात्र पाळी तिथेच अडली असणार, आणि ती गेली कुठे हे कुणालाच कळलं नसणार. मुलीला आजच फोन करून खरं काय ते सांगा. पाटी अजून कपाटात असेल तर ती तिने परत फिरती करावी.

मिक्सरच्या चिठ्ठीत मात्र चूक तुमच्या बाजूने झाली होती. ती कशी, हे समजलं तर पुढच्या अडीच महिन्यांतली निम्मी भीती जाईल. जर्मनीत रविवार हा फक्त सुट्टीचा वार नाही. रविवार आणि सण 'कामातून विसाव्याचे दिवस' म्हणून कायद्याने राखावेत, हे कलम १९१९ च्या राज्यघटनेत आलं आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते तसंच पुढे चालू ठेवलं. म्हणून त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात, भिंतीत ड्रिल चालत नाही, निवासी भागात गवत कापायचं यंत्र चालत नाही, काचेच्या बाटल्या सार्वजनिक डब्यात टाकायलाही मनाई असते, कारण त्या आत पडताना खळ्ळकन आवाज होतो. त्या शांततेत सकाळी आठला मिक्सर फिरला, तर तो खालच्या आणि वरच्या दोन्ही घरांत ऐकू जातो. आठवडाभर कामावर जाणाऱ्या माणसाची उशिरा उठण्याची तीच एक सकाळ असते.

रोजच्या वेळा अशा. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ जवळजवळ सगळीकडे पाळली जाते. काही इमारतींत ती सातपर्यंत असते, आणि काही ठिकाणी दुपारी एक ते तीनही असते. रविवारी आणि सणाला दिवसभर. या वेळात आवाज 'खोलीपुरता' असावा, म्हणजे दार लावल्यावर बाहेर ऐकू जाऊ नये, अशी अपेक्षा असते. बोलण्याला, टीव्हीला, फोडणीच्या चुरचुरण्याला कुणाची हरकत नसते. मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, खलबत्ता, ठोकाठोकी यांना असते. वॉशिंग मशीनचा नियम इमारतीगणिक बदलतो, तो मुलीला विचारा.

आता चूक मुळात घडते कशी ते पाहा. आपलं घड्याळ जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतं. पोचल्यावर पहिला आठवडा तुम्हाला पहाटे अडीच-तीनलाच जाग येणार, कारण शरीराच्या हिशेबी सकाळ झालेली असते. मग हातांना काम हवं असतं, आणि तिथे मध्यरात्र असताना भांडी वाजायला लागतात. यावर उपाय आदल्या संध्याकाळीच करायचा. वाटण, दळण, कुटणं सगळं संध्याकाळी पाच ते सातमध्ये उरकून फ्रीजमध्ये ठेवा. इडली-डोशाचं शनिवारी दुपारीच वाटून ठेवा, थंड हवेत पीठ आंबायला जास्त वेळ लागतो म्हणून तसंही ते लवकर वाटलेलं बरं. पहाटेसाठी भाजी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या असली बिनआवाजाची कामं राखून ठेवा. मिक्सरखाली चार पदरी टॉवेल घातला की ओट्याची थरथर भिंतीत उतरत नाही. खुर्च्यांच्या पायांना चिकटवायचे जाड कापडी तुकडे तिथल्या कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतात. लाकडी जमिनीवर खुर्ची ओढल्याचा आवाज खालच्यांना तुम्हाला वाटतो त्याच्या कितीतरी पट मोठा ऐकू येतो. नातेवाइकांनाही सांगून ठेवा, की इथल्या सकाळी आठला फोन केला तर तिकडे पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात.

बाळाच्या रडण्याची काळजी मात्र करू नका. तान्ह्या मुलाचं रडणं शेजाऱ्यांनी सोसायचं असतं, अशीच तिथल्या न्यायालयांची भूमिका आहे. पाळणाघरांतल्या आणि खेळाच्या मैदानांवरच्या मुलांच्या आवाजाला तर २०११ पासून कायद्यानेच संरक्षण आहे. तरी बाळ घरी येण्याआधी मुलीने खालच्या दाराशी एक छोटी चिठ्ठी लावली तर शेजाऱ्यांना फार बरं वाटेल : अमक्या मजल्यावर बाळ येतंय, काही रात्री आवाज होईल, काही अडचण वाटली तर या नंबरवर कळवा.

चिठ्ठी लिहिणं हेच मुळात तिथे सौजन्य आहे. शेजाऱ्याला त्रास झाला तर तो घरमालकाकडे लेखी तक्रार करू शकतो, आणि घरमालक भाडेकरूला लेखी ताकीद देऊ शकतो. तुमच्या शेजाऱ्याने ते केलं नाही. 'कृपया' लिहून दारात कागद ठेवला, म्हणजे गोष्ट तुमच्यातच मिटावी असं त्याला वाटलं. आपल्याकडे तोंडावर सांगणं जिव्हारी लागतं, म्हणून आपण तिसऱ्याच्या कानावर घालतो. जर्मनीत उलट आहे. ज्याचं त्याला सांगणं हे सरळपणाचं लक्षण मानतात, आणि सांगून झालं की माणूस ते मनात धरत नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात तोच शेजारी तुम्हाला हसून नमस्कार करेल. तुम्हीही करा.

स्वयंपाकघराचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त घोटाळे तिथे होतात. निजायच्या खोल्यांत, मुलांच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये छताला धुराचा अलार्म असणं जर्मनीत बंधनकारक आहे. मिरचीची फोडणी पॅसेजपर्यंत पोचली की तो कर्कश वाजतो. अशा वेळी घाबरून घराचं मुख्य दार उघडण्याची चूक हमखास होते. दार उघडलं की सगळा ठसका आणि वास जिन्यात जातो. जिन्याला वारा नसतो, त्यामुळे तो तासन्‌तास तिथेच कोंडतो आणि सहाच्या सहा घरांत शिरतो. तुमचं दार बंदच हवं, स्वयंपाकघराचंही बंद, आणि खिडकी सताड उघडी. ओट्यावरची चिमणी धूर बाहेर फेकते असंही धरून चालू नका. पुष्कळ घरांत ती हवा कोळशाच्या जाळीतून गाळून तिथेच परत सोडते. म्हणून खिडकी फोडणीच्या आधी उघडायची, नंतर नाही. बाळाच्या खोलीत धुरी किंवा ऊद घालायचा विचार असेल, तर अलार्मसाठीही नको आणि बाळाच्या छातीसाठीही नको.

खिडकीच्या मुठीला तीन जागा असतात. खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे वरून थोडी कललेली. थंडीत लोक तिसऱ्या जागेवर ठेवून दिवस काढतात आणि तिथेच फसतात. फटीतून ऊब निघून जाते, भिंत गार पडते, आणि गार भिंतीवर स्वयंपाकाची वाफ बसून काळी बुरशी धरते. बुरशीचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो. योग्य रीत अशी : दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पूर्ण उघडायच्या, हीटर त्या वेळापुरता बंद करायचा, पाच ते दहा मिनिटं हवा आरपार जाऊ द्यायची आणि परत घट्ट बंद. बाळाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत घेऊन बसा. दुपटी आणि लंगोट घरात वाळत घातले असतील तर एकदा जास्त.

पाण्याबाबत एकच गोष्ट, पण ती विसरलात तर महागात पडेल. तिथल्या न्हाणीघराच्या जमिनीला बहुतेक वेळा जाळी नसते. पाणी फक्त टबातून किंवा शॉवरच्या चौकोनातून जातं. बाळाला पायांवर घेऊन बाहेर बसून न्हाऊ घातलं, तर पाणी फरशीच्या सांध्यांतून खालच्या घराच्या छतात उतरतं. टबाच्या आत बुटका स्टूल ठेवून बसता येत असेल तर तसं करा. गुडघे तयार नसतील तर बाळाचा छोटा प्लास्टिकचा टब मोठ्या टबात ठेवून न्हाऊ घाला. तेल लावलं असेल तर ते आधी मऊ कापडाने टिपून घ्या, टब तेलाने निसरडा होतो. गॅलरीतही बादली ओतायची नाही, चटई झटकायची नाही. ते पाणी आणि ती धूळ खालच्याच्या चहाच्या टेबलावर पडते.

पाणी न सांडण्याचा हाच नियम जिन्यालाही लागू आहे. केरवोखेची पाळी आली आणि मुलगी बाळंतीण असली, तर ते काम तुमच्या यजमानांनी अंगावर घेतलं तर उत्तम, शेजाऱ्यांशी ओळख होण्याचा तो सोपा रस्ता आहे. लहान केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. मोठी केरवोखे म्हणजे प्रवेशदार, तळघराकडचा जिना, इमारतीसमोरचा पदपथ, आणि हिवाळ्यात बर्फ काढणं. काम बहुधा शनिवारी करतात. वरून खाली कोरडं झाडायचं, केर सुपलीत घ्यायचा, कठडा आणि खिडकीची कड ओल्या फडक्याने पुसायची, शेवटी घट्ट पिळलेल्या मॉपने पायऱ्या. पाणी ओतून धुवायचं नाही. जिन्याला निचरा नसतो, पाणी दारांखाली जातं आणि पायरीवर कुणी घसरलं तर जबाबदारी तुमची. बर्फाच्या दिवसांत आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत वाट मोकळी असावी लागते. तेवढं जावयांनाच करू द्या.

जिन्यात चपलांचा ढीग, फडताळ, रद्दी ठेवायची नाही, कारण आग लागली तर सुटकेची वाट तीच. बाबागाडी मात्र दुसरी जागा नसेल आणि वाट अडत नसेल तर खालच्या पॅसेजमध्ये ठेवू देतात. बारसं घरीच करणार असाल तर हीच अडचण येईल. वीस पाहुण्यांचे चाळीस बूट दाराबाहेर पडले तर वरच्या मजल्याची म्हातारी माणसं अडकतात. जुन्या चादरी पसरून बूट घरातच एका कोपऱ्यात ठेवा. वार शनिवार, वेळ दुपारची, गाणं-बजावणं खिडक्या लावून, आणि आठवडाभर आधी खाली चिठ्ठी.

कचऱ्याची सगळ्यांना धास्ती असते, पण चार डबे कळले की झालं. ओला, कागद, वेष्टणं आणि उरलेलं. डब्यांचे रंग शहरागणिक बदलतात म्हणून रंग पाठ करू नका, मुलीकडून प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवून घ्या. तुमच्या घरात सगळ्यात जास्त भरणार तो 'उरलेलं'चा डबा, कारण बाळाचे डायपर त्यात जातात. वापरलेले ओले टिश्यू, दुकानाची चकचकीत पावती, फुटलेला पेला, तेलकट कागद हेही त्यातच. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी टाकली तर सगळा डबा बिघडतो. विघटन होणाऱ्या पिशव्याही पुष्कळ शहरांत चालत नाहीत, म्हणून भाजीची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकतात. तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. गार करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून 'उरलेलं'मध्ये टाका. काचेच्या बरण्या आणि बाटल्या रस्त्यावरच्या डब्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी अशा वेगळ्या. निळी किंवा कुठल्याच रंगात न बसणारी बाटली हिरव्यात.

पाण्याच्या आणि सरबतांच्या बाटल्या मात्र टाकायच्याच नाहीत. त्यांवर अनामत असते : एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट, परत भरायच्या बाटल्यांवर बहुधा ८ किंवा १५ सेंट. सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली घातली की पावती मिळते आणि ती गल्ल्यावर वळती होते. बाटली चेपू नका, चेपलेल्या बाटलीवरचा कोड यंत्राला वाचता येत नाही. बाहेर असताना रिकामी बाटली घरी न्यायची नसेल, तर ती कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी ठेवा. अशा बाटल्या गोळा करून गुजराण करणारी माणसं तिथे आहेत. त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून लोक तसं करतात. ही रीत आम्हाला फार मोलाची वाटते.

घराबाहेर पडायला अजिबात कचरू नका. 'गुटेन टाग' (नमस्कार), 'डांके' (आभार), 'बिटे' (कृपया किंवा घ्या) आणि 'एंटशुल्डिगुंग' (माफ करा) या चार शब्दांवर अडीच महिने निघतात. श्टुटगार्टकडे नमस्काराला 'ग्र्युस गॉट'ही म्हणतात. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात शिरताना तिथे बसलेल्या सगळ्यांना मिळून एकदा 'गुटेन टाग' म्हणतात, निघताना 'आउफ व्हीडरझेन', म्हणजे येतो. न बोलता जाऊन बसणं तिथे तुसडेपणाचं वाटतं. रांगेत पुढच्यापासून हातभर अंतर. औषधांच्या दुकानात आणि पोस्टात जमिनीवरच्या रेषेमागे थांबायचं, म्हणजे पुढच्याचं बोलणं आपल्या कानावर पडत नाही. सुपरमार्केटच्या पट्ट्यावर आपलं सामान मांडून झालं की मागे आडवी दांडी ठेवा. गल्ल्यावरची बाई भराभर सामान पुढे ढकलते. तिथे उभं राहून पिशव्या लावत बसू नका, सगळं ढकलगाडीत परत टाका, पैसे द्या आणि पलीकडच्या फळीवर निवांत भरा. ढकलगाडी सोडवायला नाणं लागतं, ते खिशात असू द्या. सुट्या पावाला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचा.

ट्राममध्ये आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं. दार आपोआप उघडेल म्हणून थांबलात तर गाडी निघून जाईल, बटण दाबा. बाबागाडीची जागा दाराजवळ चित्राने दाखवलेली असते, तिथे आडवी न ठेवता ब्रेक लावून उभी करा. काही तिकिटं घेतल्यावर यंत्रात छापून घ्यावी लागतात. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि त्याला ६० युरो भरावे लागतात. भाषा येत नाही हे कारण चालत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असणाऱ्यांची. गाडीत स्पीकर लावून बाळाचा व्हिडिओ कॉल करू नका, सगळा डबा तुमचं बोलणं ऐकतो. श्टुटगार्ट डोंगरउतारावरचं शहर आहे, नुसत्या पायऱ्यांच्या वाटा चारशेहून जास्त आहेत. गाडी उचलायला कुणी पुढे आलं तर नको म्हणू नका, आणि यजमानांनी एकट्याने उचलायचा हट्टही करू नये.

रस्त्यावर दोन गोष्टी सांभाळा. सायकलींची वाट पदपथाला चिकटून, कधी लाल फरशीची, कधी नुसत्या पांढऱ्या पट्टीने वेगळी केलेली असते. गाडी ढकलत गप्पा मारताना माणूस तिच्यावर कधी जातो हे कळत नाही, आणि सायकली वेगात येतात. दुसरं, पायी चालणाऱ्यांचा लाल दिवा. रस्ता रिकामा असला तरी थांबा. दंड किरकोळ, पाच युरो, पण शेजारी शाळकरी मूल उभं असताना तुम्ही लाल दिव्यावर ओलांडलंत तर अनोळखी माणूससुद्धा तुम्हाला ऐकवेल. मुलांनी हिरव्याची वाट पाहायला शिकावं ही सगळ्यांची सामाईक जबाबदारी आहे असं ते मानतात.

दुसऱ्यांची मुलं कितीही गोड दिसली तरी गाल ओढायचे नाहीत, उचलायचं नाही, खाऊ द्यायचा नाही आणि फोटो काढायचा नाही. आपल्या नातवंडाचा फोटो घेताना मागे दुसरी मुलं येत असतील तर कोन बदला. माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवायचं नाही, हा जर्मनीतला कायदा १९०७ पासूनचा आहे. आणि हो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात.

आता आग्रह. इथे आपला जीव सगळ्यात जास्त घुटमळतो. जर्मन माणूस 'नाइन, डांके', म्हणजे 'नको, आभार' म्हणतो तेव्हा त्याला खरंच नको असतं. दुसऱ्यांदा विचारलं तर तो अवघडतो, तिसऱ्यांदा ताटात वाढलंत तर त्याला ते आपलं न ऐकल्यासारखं वाटतं, आणि पानात टाकायचं नाही म्हणून तो कसंबसं संपवतो. एकदा विचारा, भांडं मध्ये ठेवा आणि 'हवं तेव्हा घ्या' म्हणा. याची दुसरी बाजू तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. तुम्ही त्यांच्याकडे गेलात आणि संकोचून पहिल्यांदा 'नको' म्हणालात, तर तुम्हाला परत कुणी विचारणार नाही. कॉफी आणि केक हवा असेल तर पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणा. वेळ तीनची असेल तर तीनलाच पोचा. पाच मिनिटं आधी गेलात तर खाली थांबा. फुलं नेणार असाल तर कागद काढून हातात द्या. लाल गुलाब प्रेमिकांचे, पांढऱ्या लिली अंत्ययात्रेच्या, ती दोन्ही टाळा. बूट काढायचे का ते दारातच विचारा. पगार, धर्म, मूल का नाही हे प्रश्न घरी ठेवून जा. 'या एकदा केव्हातरी' हे आमंत्रण नसतं. तारीख आणि वेळ ठरली की ते आमंत्रण.

बाळंतिणीला भेटायला सुईण घरी येते. जन्मानंतर बारा आठवड्यांपर्यंत तिच्या फेऱ्या विम्यातून होतात. ती बाळाला उशी-पांघरुणाशिवाय, झोपायच्या पिशवीत, उताणं, १६ ते १८ अंशांच्या खोलीत निजवायला सांगेल. तुम्हाला ते गारठ्यात टाकल्यासारखं वाटेल. तिच्यासमोर मुलीशी मराठीत वाद घालू नका. तिला शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो, आणि मुलगी दोघींच्या मध्ये सापडते. शंका मुलीमार्फत थेट सुईणीलाच विचारा, ती कारण सांगते. मध चाटवणं मात्र वर्षाच्या आत कुठल्याच देशात नको.

मुलीच्या 'हे नको, ते नको'बद्दल. भाडेकरारावर तिचं नाव आहे, आणि पोट मोठं झालेलं असताना घर शोधायची वेळ येऊ नये ही तिची भीती खरी आहे. पण नुसत्या नकारांनी माणूस बुजतो. तिला सांगा, की पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तासभर बसून इमारतीची नियमावली आम्हा दोघांना मराठीत वाचून दाखव, प्रत्येक नियमामागचं कारण सांग, आणि त्यानंतर आम्हाला टोकू नकोस.

एक गोष्ट तुम्ही तिथे कुणाहीपेक्षा चांगली करू शकाल. तुम्ही दिवसभर घरी असणार, बाकीची बिऱ्हाडं कामावर. पार्सल घेऊन येणारा माणूस बंद दारांसमोर उभा राहतो आणि उघडणाऱ्या पहिल्या घरात शेजाऱ्यांची पार्सलं देतो. पार्सलावरचं नाव खालच्या घंटीच्या फळीवर आहे ना एवढं पाहा आणि सही करून घ्या. तुमच्या इमारतीतलं नाव नसेल तर घेऊ नका. संध्याकाळी शेजारी घ्यायला येईल तेव्हा दारातच 'बिटे' म्हणून द्या. चिठ्ठी लिहिणाराच आला तर मुलीकडून रविवारच्या मिक्सरबद्दल एका वाक्यात माफी सांगवा, एकाच. सोबत द्यायचे असतील तर दोन बेसनाचे लाडू छोट्या डब्यात, वर घटक लिहून : बेसन, तूप, साखर, काजू. काजूची ॲलर्जी असणारे आणि तूप न खाणारे तिथे पुष्कळ आहेत. आत बोलावून बसवू नका, त्याच्या जेवणाची वेळ असते.

आणि ती पाटी परत तुमच्या दाराला येईल तेव्हा आधी मुलीला विचारून ठेवा, की पुढचं दार कुठलं, समोरचं की वरचं. पायऱ्या पुसून वाळल्या, कठडा झाला, की आठवडा संपताना ती त्या मुठीला अडकवायची. घंटी वाजवायची गरज नाही.